माळ्यावरची घरघर : कौलारू घरातील गव्हाणी घुबडांच्या एका विणीचे प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून २०२४ च्या फेब्रुवारीत मला जो निरोप आला, त्यात पक्ष्यांचा उल्लेख नव्हता. माळ्यावर रात्रभर कोणीतरी घोरते, आजींना झोप नाही, घरातल्यांनी सगळे करून पाहिले, तुम्ही एकदा येऊन बघा, एवढेच त्यात होते. मी हौशी पक्षिनिरीक्षक आहे आणि अशा निरोपांपैकी बऱ्याच निरोपांचा शेवट एखाद्या उदमांजरापाशी होतो. या वेळी तो गव्हाणी घुबडाच्या चार पिल्लांपाशी झाला. त्या घराने आणि मी पुढचे अडीच महिने जे केले, त्यात जे जमले आणि जे चुकले, ते येथे क्रमाने नोंदवले आहे.

घर जांभ्याच्या चिऱ्यांचे, दुपाखी छपराचे आणि मंगलोरी कौलांचे. माजघरावर सागाच्या फळ्यांचा माळा आहे आणि त्यावर रिकामी कणगी, तांब्याची मोठी भांडी, गणपतीचा पाट, मोडक्या खुर्च्या असा कोकणातल्या कोणत्याही माळ्यावर असतो तो संसार रचलेला आहे. पूर्वेच्या भिंतीच्या त्रिकोणात, आढ्याच्या थोडे खाली, वारा खेळण्यासाठी ठेवलेला एक झरोका आहे. त्याच्या लाकडी पट्ट्यांपैकी दोन पट्ट्या मागच्या पावसाळ्यात कुजून पडल्या होत्या आणि साधारण वीतभर रुंदीची वाट मोकळी झाली होती. घुबडाला याहून जास्त जागा लागत नाही.

घरात एक्याऐंशी वर्षांच्या आजी, त्यांचा मुलगा आणि सून, म्हणजे माझ्या तोंडी बसलेले काका आणि काकू, आणि आठवीतला नातू असे चौघे राहतात. आजोबा आधीच्या वर्षी श्रावणात गेले. ते शेवटचे चार महिने दम्याने बेजार होऊन माजघरातच झोपून होते. हा तपशील मला पहिल्या भेटीत कोणी सांगितला नाही. तो काकूंनी दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर सांगितला, आणि तेव्हा कुठे मला कळले की आजींना छळणारी गोष्ट नुसता आवाज ही नाही. घुबडाच्या वाढत्या पिल्लांचा आवाज हा दमेकरी माणसाच्या श्वासासारखा असतो. आधी लांब, खरखरीत, आत ओढल्यासारखा 'खऽऽश्श', मग दोन क्षण थांबणे, मग पुन्हा तोच. ज्या खोलीत नवरा तसा श्वास घेत गेला, त्याच खोलीच्या छतातून तो श्वास पुन्हा ऐकू येऊ लागला होता.

माझ्या आधी घरच्यांनी जे उपाय केले ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण या प्रकरणातला मुख्य धडा त्यांतच आहे. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आवाज सुरू झाल्यावर काकांनी माळ्यावर मिरच्या आणि कडुनिंबाची धुरी दिली. धूर कौलांच्या फटींतून निघून गेला आणि खालच्या माणसांना मात्र ठसका लागला. नंतर कोणीतरी सुचवले म्हणून माळ्यावर शंभरचा बल्ब रात्रभर पेटता ठेवला. त्या रात्री आवाज नेहमीपेक्षा वाढला. मग ४ फेब्रुवारीला संध्याकाळी, मोठे पक्षी बाहेर पडताना पाहून, काकांनी शिडी लावून झरोक्यात गोणपाट कोंबला. आत पिल्ले आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. एक जोडी आहे, ती बाहेर गेली की दार लावले, असा त्यांचा साधा हिशेब होता. साडेनऊच्या सुमारास छपरावर चिरकणे सुरू झाले, आतून घरघर दुप्पट झाली, आणि मध्यरात्रीनंतर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून असे काही चालले की शेजारच्या घरातले दिवे लागले. रात्री दोन वाजता आजी स्वतः उठून ओटीवर आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "काढ तो गोणपाट. ज्याचे त्याला आत जाऊ दे, आत कोणीतरी उपाशी आहे." जो आवाज त्यांना सहन होत नव्हता, त्याचा अर्थ घरात सर्वांत आधी त्यांनाच कळला होता.

१० फेब्रुवारीला दुपारी मी माळ्यावर चढलो. आढ्याखाली, भिंतीच्या माथ्यावरच्या रुंद कट्ट्यावर चार पिल्ले एकमेकांना चिकटून उभी होती आणि मला पाहून मान खाली घालून डावीकडे-उजवीकडे झुलत होती. गव्हाणी घुबड घरटे बांधत नाही. ते जुन्या ओकारीच्या गोळ्यांच्या गादीवरच अंडी घालते आणि पिल्लेही त्याच कचऱ्यात वाढतात. थोरल्याच्या पंखांत पिसांच्या काड्या फुटल्या होत्या आणि चेहऱ्याची पत्त्यांतल्या बदामासारखी तबकडी स्पष्ट होऊ लागली होती, म्हणजे ते चार आठवड्यांचे असावे. धाकटे अजून जाड पांढऱ्या लवीत होते आणि साधारण तीन आठवड्यांचे वाटत होते. कट्ट्याच्या कोपऱ्यात पाचव्याचा एक पाय आणि थोडी लव पडली होती. मादी पहिले अंडे घालताच उबवायला बसते आणि पुढची अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घालते, त्यामुळे पिल्लेही त्याच अंतराने फुटतात आणि खाणे कमी पडले की सर्वांत लहान पिल्लू मरते, बहुधा भावंडांच्याच पोटात जाते. ४ तारखेची उपाशी रात्र आणि हा पाय यांचा संबंध असेलच असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण काकांना तो दाखवताना मी गप्प राहिलो आणि त्यांनीही काही विचारले नाही.

कट्ट्याखाली काळ्या, चकचकीत, अंगठ्याएवढ्या गोळ्यांचा थर होता. घुबड उंदीर अख्खा गिळते, मांस पचवते आणि हाडे व केस यांची घट्ट गोळी करून ओकून टाकते. नातवाने एक गोळी ताटलीत कोमट पाण्यात भिजवली आणि दात कोरण्याच्या काडीने ती उलगडली. तीत दोन उंदरांच्या आणि एका चिचुंद्रीच्या कवट्या निघाल्या. चिचुंद्रीचे दात उंदरासारखे नसून बारीक आणि टोकदार असतात हे त्याने माझ्या आधी पाहिले. त्या दिवसापासून वहीत नोंदी ठेवण्याचे काम आपोआप त्याच्याकडे गेले.

त्या वहीमुळेच आम्हाला आवाजाचे वेळापत्रक हाती लागले. घरघर सूर्यास्तानंतर साधारण पंचवीस मिनिटांनी सुरू होई, साडेसात ते दहा या वेळात सर्वाधिक असे, मध्यरात्रीनंतर मंद होई आणि पहाटे चारच्या आसपास पुन्हा चढे. मोठा पक्षी भक्ष्य घेऊन आत शिरला की काही क्षण कल्लोळ होई आणि मग दहा-पंधरा मिनिटे जवळजवळ शांतता. खाणे आणणाऱ्या पक्ष्याचा स्वतःचा आवाज फारच थोडा, कारण त्याच्या पिसांच्या कडा झालरीसारख्या मऊ असतात आणि उडताना पंखांची फडफड ऐकू येत नाही. गोंगाट सगळा पिल्लांचा. शिवाय ती आईबाप नसतानाही ओरडत राहतात. स्वित्झर्लंडमध्ये या पक्ष्यावर झालेल्या प्रदीर्घ अभ्यासात असे दिसले आहे की हे ओरडणे भावंडांमधली एक प्रकारची बोलाचाली असते. जे जास्त भुकेले ते अधिक वेळा आणि अधिक लांब ओरडते आणि बाकीची, भांडून हाती काही लागणार नाही असे दिसताच, त्या खेपेपुरती माघार घेतात. रात्रभर चालणाऱ्या त्या घरघरीला असा अर्थ आहे, हे ऐकून काकू म्हणाल्या, "म्हणजे जेवणाच्या पंगतीत ताटासाठी चाललेली कुजबुज."

एकदा आवाज म्हणजे भूक असे धरले की आधीच्या प्रत्येक उपायाचे अपयश सरळ उलगडते. धूर, उजेड, झरोका बंद करणे या सर्वांनी आईबाप आत यायला कचरतात, खेपा चुकतात, पिल्लांची भूक वाढते आणि भुकेबरोबर आवाज वाढतो. आवाज कमी करायचा असेल तर पिल्लांना वेळेवर खाऊ घालणाऱ्यांची वाट मोकळी ठेवणे हाच पहिला उपाय ठरतो. काकांना हे पटायला वेळ लागला आणि त्यात त्यांची चूक नाही. ज्याच्यामुळे झोप उडाली त्याचीच बडदास्त ठेवा, हा सल्ला ऐकायला विचित्रच वाटतो.

बल्ब काढला. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काकूंनी डिसेंबरपासून कणगीमागे आणि गोठ्यात ठेवलेल्या उंदीर मारण्याच्या निळ्या वड्या उचलल्या. त्या वड्यांत ब्रोमॅडिओलोन असते. त्याने उंदराचे रक्त गोठत नाही, तो काही दिवसांनी मरतो आणि तोवर सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, म्हणजे घुबडाला सर्वांत सोपा सापडतो. विषारी उंदीर पोटात गेला की विष घुबडाच्या यकृतात साठत जाते. एकीकडे घुबडाच्या तोंडचा उंदीर हिरावायचा आणि दुसरीकडे त्याला विष चारायचे, असा दुहेरी प्रकार नकळत चालला होता. वड्यांच्या जागी उंदरांचे पिंजरे ठेवले.

कायद्याची बाजूही त्याच दिवशी स्पष्ट केली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे आणि त्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे यांचाही समावेश आहे, त्यामुळे पिल्ले उचलून बाहेर ठेवणे हा पर्याय उरत नाही. वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर आम्ही स्वतःच फोन केला. दोन दिवसांनी आलेल्या वनरक्षकाने पिल्ले पाहिली, ती उडेपर्यंत थांबण्याचा सल्ला दिला आणि जाताना, पुढे कोणी विकत मागायला आले तर आधी मला कळवा, असे बजावले. ही सूचना अनाठायी नव्हती. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडांचा चोरटा व्यापार चालतो आणि लोकवस्तीतल्या पक्ष्याची बातमी लवकर पसरते.

याच कारणाने मी एक गोष्ट कटाक्षाने टाळली. वाडीतल्या काही जणांनी घुबड घरात म्हणजे अशुभ, आजोबांच्या मागे आणखी कोणी जाणार, असे बोलणे सुरू केले होते. त्यावर घुबड हे लक्ष्मीचे वाहन आहे हे उत्तर फार सोपे आणि तयार आहे, आणि अनेक हितचिंतक ते देतात. मला ते योग्य वाटत नाही. घुबडात अशुभ शक्ती आहे आणि घुबडात धन देणारी शक्ती आहे, या दोन समजुती एकाच वेलीच्या फांद्या आहेत, आणि पक्ष्याचा जीव जातो तो बहुधा दुसरीपायी. मी फक्त नावाकडे बोट दाखवले. जनावरांना वैरण घालायची ती गव्हाण. तिथे सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांवर हा येतो, म्हणून तो गव्हाणी. गोठा असलेल्या घरात तो येणे हे मांजर येण्याइतकेच साधे आहे.

आता प्रश्न आजींच्या झोपेचा होता आणि त्यासाठी पक्ष्यांकडे न पाहता घराकडे पाहावे लागले. माजघरावरचा माळा म्हणजे फळ्यांची मोठी पेटी, वरचा आवाज त्यात घुमून खाली मोठा होऊन येत असे. घरट्याचा कोपरा सोडून बाकीच्या फळ्यांवर आम्ही काथ्याच्या जुन्या चटया आणि त्यांवर दुहेरी गोधड्या अंथरल्या, फळ्यांमधल्या फटींत खालून सुतळी ठोकली. हे काम दुपारी, तासाभरात आणि एकाच दिवशी उरकले. आजींची खाट पश्चिमेच्या खोलीत हलवायचे ठरले तेव्हा त्यांनी आधी नकार दिला, कारण माजघर सोडणे म्हणजे आजोबांची जागा सोडणे. शेवटी नातवाने त्यांना एका संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसवले आणि झरोक्यातून पांढरा पक्षी पायात उंदीर धरून आत शिरताना दाखवला. त्यानंतर आठवडाभराने त्या स्वतःहून पश्चिमेच्या खोलीत गेल्या. आवाज तिथेही येत होता, पण पंख्याच्या आवाजात बराच विरत होता. काकूंच्या मते निम्मा फरक गोधड्यांनी पडला आणि निम्मा त्या खुर्चीने. मी हे मोजलेले नाही, पण मला काकूंचे म्हणणे पटते.

येथवर सारे ठीक चालले होते आणि येथेच माझी चूक झाली. गव्हाणी घुबडाची पिल्ले साधारण आठ आठवड्यांनी उडू लागतात. थोरल्याचे वय मोजून मी काकांना सांगितले होते की २० मार्चपर्यंत सगळी उडतील. हे बरोबर होते. पण काकांनी त्याचा अर्थ आवाज २० मार्चला बंद होईल असा घेतला आणि मी तो दुरुस्त केला नाही, कारण खरे सांगायचे तर माझ्याही डोक्यात तोच शेवट होता. त्यांना हा दिवस महत्त्वाचा होता. होळी २४ मार्चला होती आणि शिमग्याची पालखी २८ तारखेला रात्री घरी येणार होती. आजोबांच्या मागे घरात येणारी ही पहिलीच पालखी, आणि ती घुबडांच्या घरघरीत येऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती.

थोरले १२ मार्चला उडाले, धाकटे १९ तारखेला. आणि आवाज वाढला. उडू लागलेली पिल्ले शिकार करायला शिकेपर्यंत आणखी काही आठवडे आईबापांवरच अवलंबून असतात. ती दिवसा माळ्यावर परततात आणि रात्री कौलांवर, माडावर, गोठ्याच्या पत्र्यावर बसून खाणे मागतात. जो आवाज माळ्यात कोंडलेला होता तो आता घराच्या चारी बाजूंनी येऊ लागला. काका माझ्यावर चिडले आणि फोनवर म्हणाले, "तुमच्या पुस्तकातला मार्च आणि आमचा मार्च वेगळा आहे का?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

२८ तारखेला मी मुद्दाम गेलो. रात्री नऊच्या सुमारास ढोलांच्या गजरात पालखी अंगणात आली आणि ढोल सुरू असेपर्यंत घुबडांचा आवाज कोणाला ऐकू आला नाही. ओटीवर पालखी टेकवून गाऱ्हाणे सुरू झाले, ढोल थांबले, आणि नेमक्या त्या शांततेत आढ्यावरच्या पिल्लाने लांब घरघर केली. सगळ्यांनी वर पाहिले. गाऱ्हाणे घालणारे वयस्कर गृहस्थ क्षणभर थांबले आणि मग त्याच सुरात पुढे म्हणाले, "...आणि ह्या घरात जी काही पाखरे, जनावरे राहत असतील त्यांनाही सुखी ठेव, महाराजा." 'व्हय महाराजा' असा सगळ्यांचा होकार आला आणि पुढचे विधी नेहमीप्रमाणे झाले. काकांचा माझ्यावरचा राग त्यानंतर उतरला, याचे श्रेय अर्थातच माझे नाही.

पुढचे काम कोरडे आणि तारखांचे होते. वहीप्रमाणे शेवटची घरघर १४ एप्रिलला ऐकू आली. तरीही झरोका लगेच बंद केला नाही, कारण एखादे पिल्लू आत कोंडले जाण्याचा धोका होता आणि उंदीर मुबलक असतील तर जोडी दुसऱ्यांदा अंडी घालण्याचीही शक्यता असते. आम्ही झरोक्याच्या कट्टीवर चाळलेली राख पसरली. पहिल्या सकाळी तीत पंज्याचे ठसे उमटले होते, त्यानंतर चार सकाळी राख जशीच्या तशी होती. २० एप्रिलला विजेरी घेऊन सगळा माळा पाहिला, अंडी नाहीत याची खात्री केली आणि काकांनी झरोक्याला अर्ध्या इंचाची जस्ती जाळी बाहेरून चौकटीत ठोकली. वारा पूर्ववत खेळता राहिला. कट्ट्यावरचा थर काढताना तोंडाला मास्क आणि हाताला मोजे लावले, आणि कोरड्या विष्ठेची धूळ नाकात जाऊ नये म्हणून आधी पाणी शिंपडून मगच ती खरडली. दोन घमेली निघाली आणि माडाच्या आळ्यात गेली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शाकारणी झाली. झरोक्याचे प्रकरण त्याआधी मिटले हे बरे झाले, कारण कौले उतरवण्याच्या दिवसांत पिल्ले माळ्यावर असती तर काम पुढे ढकलावे लागले असते आणि कोकणात शाकारणी पुढे ढकलणे म्हणजे पावसाशी पैज लावणे.

जाळी लावण्याच्या महिनाभर आधी, मार्चच्या मध्यावर, पक्ष्यांना पर्याय म्हणून गोठ्यात एक पेटी बसवली होती. जुन्या फणसाच्या फळ्यांची, तळ साठ बाय चाळीस सेंटिमीटर, उंची साठ, आणि दार तेरा सेंटिमीटर चौरस. दार तळापासून पंचेचाळीस सेंटिमीटर वर ठेवले, कारण दार खाली असेल तर चळवळी पिल्ले वेळेआधीच बाहेर येऊन पडतात. बाजारात मिळणाऱ्या पेट्यांत हीच गोष्ट चुकलेली मी अनेकदा पाहिली आहे. पेटी तुळईला टेकून जमिनीपासून चार मीटर उंच आहे आणि घरापासून गोठा चाळीस पावले दूर, म्हणजे आवाज होईल तो वैरणीवर होईल.

पहिल्या वर्षी घुबडांनी पेटीकडे ढुंकूनही पाहिले नाही. मे महिन्यात तीत साळुंक्यांनी काड्या, कापूस आणि एक प्लॅस्टिकची पिशवी भरली आणि पहाटे साडेपाचपासून त्यांचा स्वतंत्र कलकलाट सुरू झाला, त्याबद्दल मात्र घरातून एकही तक्रार आली नाही. ऑक्टोबरमध्ये पेटी रिकामी करून पुसली. त्या काळात जोडी गावाबाहेरच्या पडक्या शाळेत दिसत होती. काकूंनी पावसाळ्यात उंदीर वाढल्याचे सांगितले, पण पिंजऱ्यांत त्या वर्षी किती सापडले याची आधीच्या वर्षाशी तुलना करण्यासारखी नोंद नाही, म्हणून त्यावरून काही काढत नाही.

२०२५ च्या जानेवारीत नातवाने फोन केला. गोठ्यात पेटीखालच्या गव्हाणीच्या कडेवर चुन्यासारखे पांढरे ओघळ दिसले होते आणि वैरणीत एक ओली काळी गोळी सापडली होती. पेटी उघडून पाहू का, असे त्याने विचारले. मी नको म्हणालो आणि त्याऐवजी वहीत सूर्यास्तानंतरचा अर्धा तास ऐकून लिहायला सांगितले. फेब्रुवारीच्या ६ तारखेच्या नोंदीत त्याने लिहिले आहे : संध्याकाळी ६ वाजून ५२ मिनिटे, गोठा, बारीक खरखर, एकच पिल्लू असावे किंवा दोन, आजीला सांगितले, आजी म्हणाली पश्चिमेच्या खोलीतून ऐकू येत नाही, खिडकी उघड.